चादरीचं दुसरं टोक

घरात तिला सगळे शेपूट म्हणायचे. थोरली बहीण पुढे आणि ही तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून मागे, अशीच ती चालायला शिकली. खरं सांगायचं तर नंतरही बरीच वर्षं तशीच चालली. आता साठीला टेकली, केस पिकले, विद्यापीठाच्या नृत्य विभागातून बोलावणं आलं, खोलीच्या दारावर 'अतिथी कलाकार' अशी ऐटबाज पाटी लागली, तरी ताईचा फोन आला की पलीकडून पहिलं वाक्य तेच. "काय गं शेपटे, जेवलीस का?" विद्यार्थ्यांच्या कानावर हे गेलं असतं तर बाईंची काय शोभा झाली असती, विचारू नका.

त्यांच्या आईची लाँड्री होती. पुढे काउंटर, मागे इस्त्रीची टेबलं आणि त्याच्याही मागे कपडे वाळवायची लांबलचक खोली. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी गाठोड्यांनी यायच्या. आई लग्नाआधी नाचायची. लग्नानंतर ते सुटलं, पण पाय काय गप्प बसतात थोडेच? संध्याकाळी वाळवणाची खोली रिकामी झाली की गल्लीतल्या पोरी गोळा करून ती त्यांना शिकवायची. आणि दिवसभर या दोघी बहिणी चादरींच्या घड्या घालायच्या.

मोठी चादर एकट्यानं धड घडी होत नाही, हे ज्यानं एकदा तरी हनुवटीखाली टोक धरून खटपट केलीय त्याला पक्कं ठाऊक आहे. एकीनं इकडची दोन टोकं धरायची, दुसरीनं तिकडची. ताणायची, झटकायची. मग एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक लावायचं, आपली टोकं तिच्या हातात द्यायची, खाली वाकून लोंबणारी कड उचलायची, की पुन्हा मागे. दोघींचं हे रोज चालायचं. एक दिवस आईनं इस्त्री करता करता मान वर केली आणि बघतच राहिली. इस्त्री टेबलावर उभी केली आणि म्हणाली, "चादर खाली ठेवा. आता हेच पुन्हा करा."

तोच हा चादरीचा नाच. आईनं तो हळूहळू बसवला, कुठे पाऊल घातलं, कुठे गिरकी, कुठे दोघींचं भांडण, कुठे चादरीआडून डोकावणं. हातात काहीच नसायचं, पण दोघींच्या मधे ती चादर अशी काही दिसायची की झटकली की पहिल्या रांगेतली लहान मुलं खाली वाकायची. पुढे दोघी इतरही बरंच नाचल्या. वाचनालयाचे हॉल, कारखान्यांची संमेलनं, कुणाच्या तरी निवृत्तीचे समारंभ, बोलावतील तिथे गेल्या. बाकीचे नाच आले आणि गेले, पण चादरीच्या नाचाशिवाय लोक उठायचेच नाहीत. पोट मात्र लाँड्रीवर भरायचं, तिथे नाचाला कोण विचारतो! ताईनं एका घड्याळजीशी लग्न केलं. धाकटीनं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "माझी जोडी आधीच जमलीय हो."

आणि मग एक दिवस ताई सकाळी चहाचा कप उचलायला गेली आणि कप काही उचलला जाईना. अर्धांगवायू. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची उजवी बाजू. बोलणं परत आलं, काठी धरून घरातल्या घरात चालणं परत आलं, पण ओठाचा एक कोपरा खाली ओघळलेला तो ओघळलेलाच राहिला. नाचाचे कपडे तिनं शेजारणीला देऊन टाकले आणि घराचा उंबरा ओलांडायचं बंद केलं. दोघी फोनवर जगभराच्या गप्पा मारायच्या, नाच सोडून. तो विषय निघाला की ताईला लगेच कुणीतरी दार वाजवलेलं ऐकू यायचं.

विद्यापीठातल्या विभागप्रमुख बाई लहानपणी पहिल्या रांगेत बसून खाली वाकलेल्या मुलांपैकी एक. शोधत शोधत त्या धाकटीपर्यंत आल्या. "एक सत्र आमच्याकडे या. मुलांना तो नाच शिकवा. तुम्हा दोघींनंतर तो कुणाला येणार आहे?" प्रश्न बरोबर होता. आई कधीच गेली होती, कुठे काही लिहून ठेवलेलं नव्हतं. कुणीतरी फोनवर काढलेला एक व्हिडिओ होता, त्यात नाचापेक्षा पुढे बसलेल्या गृहस्थांचं टक्कलच जास्त दिसत होतं. म्हणजे नाच होता तो फक्त दोन अंगांत, आणि त्यातलं एक अंग आता घरात दार लावून बसलेलं.

"ताई, दोघी जाऊ," धाकटी म्हणाली.

"तू जा. खुशाल जा. पण मला त्यातलं काही विचारायचं नाही, आधीच सांगून ठेवते."

वर्ग सगळ्यात वरच्या मजल्यावर होता. लाकडी जमीन, एका बाजूला खिडक्या, समोरची अख्खी भिंत आरशांची, आणि घामाचा नि पॉलिशचा मिळून एक वास. तो वास नाकात गेला आणि धाकटीचा जीव भांड्यात पडला. नावं लक्षात ठेवणं तिला कधी जमलं नाही, म्हणून पहिल्याच दिवशी तिनं पोरांचं बारसं करून टाकलं. एक जाड भिंगांची मुलगी, ती चष्मा. तिच्या जोडीला उंचच उंच मुलगा, तो शिडी. साथीला ढोलावर बसायचे ते ताल शिकवणारे मास्तर, निवृत्तीला आलेले आणि जिभेला धार असलेले.

सुरुवातीला तिनं मुलांना खऱ्या चादरी घडी घालायला लावल्या. वसतिगृहातून गठ्ठे मागवले. हसली पोरं. "बाई, आम्ही नाच शिकायला आलो की कामाला लागलो?" "आधी एक घडी तर नीट घाला, मग विचारा," ती म्हणाली. हसता हसता हात तयार झाले. मग तिनं चादरी काढून घेतल्या, आणि काय सांगू, पोरांच्या हातात त्या तशाच राहिल्या. कापडाचं वजन दिसायला लागलं, कड दिसायला लागली. धाकटी खूश. फोनवर ताईला सांगायला जीभ वळवळायची, पण शब्द गिळून टाकायची.

घोडं अडलं ते सुरुवातीला. नाच सुरू होतो तो झटकण्यानं. ढोलाचा ठेका चालू होतो, एक फेरा झाला की पुन्हा त्याचा पहिला ठोका पडतो आणि त्याच ठोक्यावर चादर झटकली गेली पाहिजे. पण सगळा वर्ग उशिरा. एखादी जोडी नव्हे, सगळ्याच. अगदी थोडंसं, पण उशिराच.

"बाई," मास्तर म्हणाले, "मी पहिला ठोका देतो, तुमची मंडळी त्याला आधी जाऊ देतात आणि मग त्याच्या मागून निघतात. कुणाची वाट बघतायत हो?"

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिनं पोरांना झापलं, झोपा झाल्या नाहीत का म्हणून विचारलं, लय कमी केली, पुन्हा वाढवली. काही उपयोग नाही. शेवटी एक दिवस चष्म्यानं हात वर केला.

"बाई, चादर आधी कोण झटकतं?"

"आधी कसलं? दोघं एकदम."

"हो, पण एकदम म्हणजे... कुणीतरी कणभर आधी निघत असेल ना? घरी आई आणि मी घालतो तेव्हा आई निघते आणि मला टोकात कळतं. इथे आम्ही दोघंही थांबतोय. मी शिडीसाठी, शिडी माझ्यासाठी."

"उद्या सांगते," धाकटी म्हणाली आणि वर्ग सोडून दिला.

सगळे गेल्यावर ती आरशासमोर उभी राहिली. मनात ठेका धरला, हातात टोकं घेतली आणि ठोक्याची वाट बघितली. ठोका आला, गेला, आणि मग तिचे हात निघाले. पुन्हा केलं. पुन्हा तेच. आयुष्यात ती एकदाही पहिली निघाली नव्हती. ताई निघायची, ते चादरीच्या टोकातून हिच्या बोटांत यायचं आणि मग ही निघायची. बघणाऱ्याला त्यातलं अंतर कधी दिसलं नाही, कारण ते इतकं बारीक होतं. पण शिकवताना पावलांबरोबर, गिरक्यांबरोबर तिनं तेही सगळ्यांच्या अंगात घातलं होतं. अख्ख्या वर्गाला तिनं शेपूट करून ठेवलं होतं!

दुसऱ्या दिवशी तिनं अंक मोजून सुरुवात करायला लावली. वेळेवर झालं. चोख झालं. मास्तरांनी ढोलावरचे हात काढून घेतले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता वेळेवर आहे. पण चादर कुठे गेली?" खरंच, नुसते हात वरखाली होत होते. रागवायचं कुणावर? तिला सगळं कळत होतं आणि करता काहीच येत नव्हतं.

संध्याकाळी तिनं धीर करून फोन लावला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर हळूच विचारलं, "ताई, झटकायच्या आधी तू काय करायचीस गं?"

पलीकडून ताई म्हणाली, "दूध उतू जातंय," आणि फोन ठेवला. त्या वेळेला त्या घरात दूध कधीच गॅसवर नसतं, हे धाकटीला पुरतं माहीत होतं.

ती विभागप्रमुख बाईंकडे गेली. "मला हे जमणार नाही. मला अर्धाच नाच येतो. मला वाटत होतं पूर्ण येतो, पण नाही येत."

"आणि उरलेला?"

"दुसरं टोक ताईच्या हातात आहे."

बाई म्हणाल्या, "रविवारी त्यांच्या घरी जाऊन या. सोमवारीसुद्धा तुम्हाला हेच वाटलं, तर आपण थांबवू. जबरदस्ती नाही."

ताईचं घर भावजींच्या घड्याळांच्या दुकानाच्या वर. धाकटी जिना चढून गेली तेव्हा ताई टेबलाशी बसून डाव्या हातानं वाटाणे सोलत होती. शेंग उजव्या मुठीखाली दाबायची, डाव्या अंगठ्यानं उघडायची. धाकटीनं पुढ्यातली शेंग उचलली तर ताईनं हातावर चापट मारली. "राहू दे. मला येतं."

तेवढंच निमित्त झालं. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं धाकटीच्या तोंडून भसाभस बाहेर पडलं. "तुला सगळं येतं गं! मला येत नाही! मी तिथे पोरांसमोर उभी राहते आणि मला सुरुवात करता येत नाही. तू मला मधेच सोडून गेलीस."

"मी सोडून गेले?" ताईचा आवाज चढला. "माझा हात मला सोडून गेला, शेपटे. माझा पाय सोडून गेला. मी कुठे जाणार होते? मी इथेच बसलेय, वाटाणे सोलतेय."

"मग चल माझ्याबरोबर!"

"हे तोंड घेऊन?"

दुखण्यानंतर ताई पहिल्यांदा हे उघड बोलली होती. "मी हसले की एका बाजूनं हसते," ताई म्हणाली. "लोकांना वाटतं मी त्यांची टर उडवतेय. लोकांनी माझा नाच बघितलाय गं. आता त्यांनी हे बघायचं?" आणि ती रडायला लागली. मग धाकटीही. दोघींच्या मधे वाटाण्यांचा ढीग आणि दोघी लहान मुलींसारख्या हमसून हमसून रडतायत. भावजी खालून वर आले, दोघींकडे बघून दारातच थबकले आणि परत जायला वळले.

"थांबा हो," ताई नाक पुसत म्हणाली. मग धाकटीला, "तिथे आरसे असतील."

"आहेत. भिंतभर."

"मग नको."

"आरसे झाकता येतात," भावजी दारातून म्हणाले. इतक्या वर्षांत या दोघींच्या नाचाच्या भानगडीत त्यांनी तोंड घातल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "कापड टाकलं की झालं. आणि पोरांच्या मागे बसायचं. पोरं पुढे बघणार. मी असेन ना शेजारी."

ताईनं आणखी एक शेंग सोलली. "मागे वळून कुणी बघायचं नाही," शेवटी म्हणाली. "एकानंही नाही."

सोमवारी भावजींनी दुकान बंद ठेवलं. इकडे शिडीनं, त्याला तरी त्या उंचीचा दुसरा काय उपयोग, वसतिगृहाच्या चादरी आरशांवर टाकून भिंत पांढरी करून टाकली. धाकटीनं पोरांना सांगितलं, "माझी ताई येणार आहे. मागे बसेल. कुणी मान वळवली तर माझ्याशी गाठ आहे." बिचारी पोरं मानेला पट्टा लावल्यासारखी ताठ उभी. मागे दार वाजलं, काठीचा टकटक आवाज आला, खुर्ची सरकली, आणि एकाही पोरानं मान हलवली नाही. धाकटीला त्या सगळ्यांचे मुके घ्यावेसे वाटले.

ती सगळ्यांच्या पुढे, एकटी. मधे पोरांच्या जोड्या, आणि त्यांच्या डोक्यांवरून थेट समोर, खोलीच्या त्या टोकाला, ताई. कितीतरी दिवसांनी दोघी अशा समोरासमोर आल्या होत्या. धाकटीनं हात पुढे केले. मास्तरांनी ठेका धरला. तिनं ताईच्या खांद्याकडे नजर लावली, आणि पहिल्या ठोक्याच्या जरासं आधी तिला दिसलं, ताईनं श्वास घेतला. खांदा किंचित वर आला. बस्स! धाकटीचे हात निघाले, आणि तिच्याबरोबर सगळा वर्ग निघाला. ठोका आणि झटका एकदम. प्रत्येक जोडीच्या मधे चादर फुगून वर गेली.

मग काही थांबलं नाही. पोरं चालत आली, टोकं दिली, वाकली, कडा उचलल्या, भांडली, डोकावली. चष्म्यानं गिरकीत शिडीचा पाय तुडवला आणि दोघांनी ते भांडणात असं मुरवलं की आईनंसुद्धा कौतुक केलं असतं. शेवटची घडी पडली. मास्तरांनी ढोलावर दोन्ही तळवे टेकले आणि चक्क मान डोलावली.

धाकटी पोरांच्या मधून वाट काढत पळाली. साठीची बाई, पण पळाली. "दिलीस ना सुरुवात! मी बघितलं ताई, तुझा खांदा हलला. श्वास घेतलास तू!"

ताईचे दोन्ही गाल ओले होते. "कसला श्वास? मी डोळे मिटून बसले होते."

"काहीतरीच काय!"

"खरंच गं. ढोल वाजला आणि मला भीतीच वाटली. तू तिथे एकटी उभी. मला बघवेना."

धाकटीनं भावजींकडे बघितलं. भावजींनी आपला हात पुढे केला, त्याची बोटं लालबुंद झाली होती. "ढोल वाजल्यापासून डोळे गच्च मिटलेले आणि माझा हात असा आवळलेला," ते म्हणाले. "श्वास घेतला असता तर मला कळलं नसतं का? तो तर धरूनच ठेवला होता हिनं."

धाकटी खाली, जमिनीवरच बसली. "मग निघालं कोण?" तिनं विचारलं.

"मला काय विचारतेस?" ताई म्हणाली, आणि मग तिचा आवाज एकदम फुटला. "अगं, अख्खा नाच झाला आणि मी बघितलाच नाही. आईचा नाच, इतक्या पोरांनी केला, आणि मी बावळटासारखी डोळे मिटून बसले!"

पोरं अजून ताठ मानेनं पुढे बघत उभी होती. नाकं ओढल्याचे आवाज मात्र येत होते.

"ए पोरांनो," ताई मोठ्यानं म्हणाली, "इकडे वळा. माना अवघडल्या असतील. आणि कुणीतरी माझी खुर्ची पुढे घ्या, इथून काय डोंबल दिसणार!"

पोरं वळली. ताई त्यांच्याकडे बघून हसली, एका बाजूनं, जसं येत होतं तसं. शिडीनं खुर्ची उचलली, भावजींनी ताईला, आणि चष्म्यानं काठी सांभाळली. खुर्ची आली ती थेट धाकटीच्या समोर, चादरीइतक्या अंतरावर. ताईनं डावा हात पुढे करून मूठ मिटली. उजवा मांडीवरच होता, त्याचीही मूठ तिनं डाव्या हातानं नीट मिटवून घेतली होती.

मास्तरांनी ठेका धरला. धाकटीनं ताईकडे बघितलं. ताईचे डोळे आता सताड उघडे होते आणि ती धाकटीच्या हातांकडे बघत थांबली होती. ठोका जवळ आला. धाकटीनं चादर झटकली, आणि तिच्या मागून, अगदी कणभर उशिरा, ताईचा डावा हात वर गेला.